बॅनरवरचा थोरला भाऊ

ओमानमध्ये मला मताचा अधिकार नव्हता, आणि गावाकडे अधिकार होता तेव्हा मतदानाच्या दिवशी मी कधी गावात नव्हतो. म्हणजे निवडणुकीच्या बाबतीत मी दोन्हीकडून कोरडाच. तरीसुद्धा दोन हजार पंधरा सालची शूराची निवडणूक मी अशी काही अंगावर ओढवून घेतली, की आजही आठवली की कान गरम होतात. शूरा म्हणजे तिकडची लोकांनी निवडून दिलेली सभा. आमच्या विलायतीतून तिच्यावर एक माणूस जायचा. विलायत म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा.

रुस्ताकच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी ही आमची विलायत. तिथल्या बाजारात माझ्या अर्बाबचं दुकान होतं. अर्बाब म्हणजे मालक, ज्याच्या नावावर आपला व्हिसा असतो तो. दुकानात फोटो, झेरॉक्स, अरबी टायपिंग, आणि मागच्या खोलीत फ्लेक्स छापायचं मशीन. मशीन अर्बाबचं, पण त्याला हात लावायची हिंमत फक्त माझी. त्याआधी चिपळूणला फ्लेक्सच्या दुकानात मी वाढदिवस, दहावे, दहीहंड्या आणि पंचायतीच्या निवडणुका असं सगळं छापून हात साफ केलेला होता. शेजारच्या गाळ्यात रत्नागिरीकडचे एक चाचा भाजी विकायचे. आमची राहायची खोली एकच. चाचांची अरबी पक्की होती. माझं मात्र ऐकायला सगळं कळायचं, बोलायला गेलो की गाडी पंक्चर.

दुपारी बाजार झोपायचा. तेव्हा अर्बाब माझ्यासमोर बसून आपल्या हिंदीत मला विलायतीच्या मतांचा इतिहास सांगायचा. डोंगराला चिकटून आहे ते वरचं गाव. खाली खजुरांच्या बागांत आहे ते खालचं गाव. मधे बाजार. वरचं गाव एकजात एकाच्या मागे, खालचं गाव एकजात दुसऱ्याच्या मागे, आणि मधल्या बाजारातली घरं शेवटपर्यंत कुणाला थांगपत्ता लागू देत नाहीत. मी ऐकतच राहिलो. अहो, हा तर आमचा वॉर्ड! आमच्याकडेही वरची वाडी, खालची वाडी आणि मधली पाच घरं. त्या पाच घरांची निवडणुकीच्या महिन्यात जी बडदास्त ठेवतात ती घरच्या जावयाची पण कुणी ठेवत नाही. एकदा तर मतमोजणीत बरोबरी झाली आणि चिठ्ठी टाकून मेंबर निवडला. हे सांगितल्यावर अर्बाब इतका हसला की त्याची कॉफी सांडली.

हळूहळू मला त्याच्या विलायतीतलं घरन् घर पाठ झालं. कोण कुणाचा मेहुणा, कोण कुणावर रुसलाय, कुणाच्या सुनेचं माहेर वरच्या गावात आहे. चाचा म्हणायचे, "अरे, तुला काय इथं उभं राहायचंय? फ्लेक्स छाप की गपचूप!" पण काय करणार, सवय. मत कुठे पडणार हे ऐकल्याशिवाय आम्हाला जेवण जात नाही. एकच घोळ होता. नाती मला पाठ, पण चेहरे मात्र ओळखीचे नाहीत. आणि तिथेच माशी शिंकली.

अर्बाब त्याआधी दोनदा उभा राहिला होता आणि दोनदा पडला होता. कारण वरच्या गावात त्याचा सख्खा थोरला भाऊ राहायचा, आणि थोरला ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याला वरचं गाव मत द्यायचं. बाप गेल्यावर दोघांचं फलजवरून बिनसलं होतं. फलज म्हणजे डोंगरातून येणारा पाण्याचा पाट. कुणाच्या खजुरांना किती वेळ पाणी मिळणार त्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. त्यातल्या अर्ध्या पाळीवरून दोघा भावांनी जो अबोला धरला तो धरलाच. लग्नात, मयतीत समोरासमोर यायचे, पण तोंडं दोन दिशांना. मला यात नवल काही वाटलं नाही. आमच्याकडे एका फणसाच्या झाडावरून तीन पिढ्या बोलत नाहीत.

एके दुपारी मी अर्बाबला विचारलं, "दोनदा पडलात. परत कशाला उभं राहायचं?" त्याने कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मला शूरा नको रे. माझा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला होता, याच्या घरचं मत याला मिळणार नाही. मला त्याचं एक मत पाहिजे. बाकी सगळी विलायत मिळाली आणि ते नाही मिळालं, तर मी पडलोच." मोठा दाढीवाला माणूस, पण हे बोलताना त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. मी मनात म्हटलं, थांब, तुला मी असा बॅनर करून देतो की नाव काढशील.

आता या बॅनरमध्ये अर्बाबचाही हात होताच, सगळं खापर माझ्यावर नको. त्या वर्षी तो गुडघा दाखवायला मुंबईला गेला होता. गुडघ्याचं काय झालं ते राहिलं बाजूला, तो परत आला तो मोबाइलमध्ये एका नाक्यावरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा फोटो घेऊन. वर गोलांत पुढाऱ्यांचे चेहरे, मधे हात जोडलेले भाऊ, खाली शुभेच्छुकांची रांग. त्याला ते फार म्हणजे फारच आवडलं होतं. "इतकी माणसं पाठीशी! याला कोण हरवणार?" म्हणाला. "मला असाच कर." मी म्हटलं, इथं कुणी असं लावत नाही. इथं एक चेहरा, एक नाव, खलास. तर म्हणाला, "म्हणूनच तर लाव." मग मला एका पुतण्याच्या लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर दिले, "यातले चांगले चेहरे घे" एवढं सांगितलं, आणि कामासाठी मस्कतला निघून गेला.

झालं! माझे हात शिवशिवत होतेच. चिपळूणच्या दुकानात आमचा एक नियम होता: वरच्या गोलांत ज्यांचे आशीर्वाद आहेत ते. म्हातारा, भारदस्त, बघितल्यावर नमस्कार करावासा वाटेल असा चेहरा. लग्नाच्या फोटोंत असा एकच होता. पांढरी शुभ्र दाढी, डोक्याला भरजरी फेटा, कमरेला चांदीचा खंजीर, हातात काठी. नजर अशी की कॅमेऱ्यालाच दम देतोय. मी म्हटलं, हा घ्यायलाच पाहिजे. त्याला सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या गोलात बसवला. मधे अर्बाब. खाली सात जणांची रांग, त्यातले दोघंतिघं नुसते दाढी बरी दिसते म्हणून. चाचा किनाऱ्याकडच्या बरका गावच्या मार्केटला माल आणायला गेलेले, नाहीतर त्यांनी तिथल्या तिथे माझा हात धरला असता. संध्याकाळी राउंडअबाउटजवळ जागा ठरलेली होती तिथे बॅनर लावला, लांबून बघितला, आणि स्वतःवरच खूश होऊन घरी जाऊन झोपलो.

सकाळी चाचांनी मला हलवून उठवलं. "काय करून ठेवलंस रे मेल्या? तो वरच्या गोलातला कोण आहे माहीत आहे तुला?"

"कोण?"

"अरे, तुझ्या अर्बाबचा थोरला भाऊ!"

तसाच चपला घालून पळालो. बाजारात गेलो तर काय, राउंडअबाउटला गाड्यांची ही रांग. लोक काच खाली करून फोटो काढत होते. नाती पाठ असलेल्या माणसाने चेहऱ्यात अशी माती खाल्ली होती. विलायतीत सकाळपासून एकच बातमी: भावांचं जमलं. वरच्या गावातली म्हातारी माणसं मिठाई घेऊन अर्बाबच्या घरी पोचली होती, आणि मस्कतहून धडपडत आलेला अर्बाब त्यांना काय सांगावं ते न कळून नुसता कॉफी ओतत होता. त्यातच बलदियातून, म्हणजे तिथल्या पालिकेतून, फोन. तिकडचा साहेब अगदी शांतपणे विचारत होता, "नऊ चेहरे आहेत. यातला उमेदवार कोणता?"

दहाच्या सुमाराला थोरला आला. पिकअप दुकानासमोर उभी राहिली, आधी काठी उतरली, मग तो. बॅनरवरची नजर आणि ही नजर अगदी तीच. आत येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसला. अर्बाब काउंटरमागे उभा. दोघांमधे चार हात अंतर. थोरल्याने काठीचं टोक माझ्याकडे केलं, आणि अर्बाबकडे न बघता मला म्हणाला,

"याला विचार, माझा फोटो कुणाला विचारून लावला?"

मी अर्बाबकडे बघितलं. अर्बाब माझ्याकडे. मग अर्बाब मलाच म्हणाला, "त्यांना सांग, चूक झाली. हिंदी माणसाकडून." हिंदी म्हणजे तिकडे भारतातला माणूस, म्हणजे मी.

"याला सांग, हिंदी माणसामागे लपू नको."

आता गंमत बघा. दोघंही अरबीच बोलत होते. एकाच आईच्या तोंडची अरबी. आणि मधे मी, माझ्या त्या मोडक्या अरबीत एकाचं दुसऱ्याला सांगत होतो. अरबीतून अरबीत! एखादा शब्द माझा चुकला की दोघंही एकदम माझी चूक दुरुस्त करायचे, पण एकमेकांकडे काही बघायचे नाहीत. चाचा दारात कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन उभे होते आणि हसू दाबून दाबून लाल झाले होते.

अर्बाबने कॉफी ओतली. थोरल्याने कप घेतला आणि न पिता समोर ठेवून दिला. तिकडची रीत अशी की पाहुण्याची काही मागणी असेल तर ती मान्य होईपर्यंत तो कॉफीला तोंड लावत नाही. आणि पाहुणा न पिता उठला तर यजमानाची नाचक्की.

"त्यांना सांग, कॉफी थंड होतेय."

"याला सांग, बॅनर उतरल्यावर पिईन."

"त्यांना सांग, आत्ता उतरवतो."

थोरल्याने कॉफी प्यायली, कप हलवून आणखी नको म्हणून खूण केली, आणि काठी टेकत निघून गेला. जाताना दारात चाचांच्या कोथिंबिरीकडे बघून "ताजी आहे" एवढं मात्र स्वतः बोलला. म्हणजे भाजीवाल्याशी बोलणं होतं, सख्ख्या भावाशी नाही. मला राग आला. इतका राग आला की मी चाचांवरच खेकसलो.

पण बॅनर उतरवायला अर्बाबचं मन होईना. अख्खा नवा छापायचा तर वेळ नव्हता, आणि बलदियाच्या साहेबाने बॅनर नीट करायला संध्याकाळपर्यंत मुदत दिली होती. मी डोकं चालवलं. तेवढाच गोल झाकला तर? दुकानात कॉफीच्या किटलीचं एक सुंदर चित्र छापलेलं पडलं होतं, ओमानी हॉटेलच्या बोर्डासाठी केलेलं. बरोबर गोलात बसेल एवढं. शिडी लावली, रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांच्या साक्षीने वर चढलो, आणि थोरल्याच्या चेहऱ्यावर किटली चिकटवली.

ही दुसरी चूक. ही मात्र पूर्ण माझी. संध्याकाळपर्यंत विलायतभर झालं: भावाने भावाची किटली केली. मधल्या बाजारातले लोक, जे कधी मनातलं सांगत नाहीत, ते आमच्या दुकानापुढून जाताना हात वर करून कॉफी ओतल्याची खूण करायचे. वरच्या गावातून निरोप आला की थोरला जेवला नाही. अर्बाब डोकं धरून बसला. "संपलं," म्हणाला. "पाण्यावरून बोलणं बंद होतं. आता किटलीवरून मेल्यानंतरही बोलणार नाही." मला वाटलं हा आता माझा व्हिसा कॅन्सल करतोय. पण तो चिडला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. रात्रीच्या आत बॅनर पूर्ण उतरला, आणि दुसऱ्या दिवशी एकट्या अर्बाबचा एक चेहऱ्याचा, मुका, सरळ बॅनर लागला.

मतदानाच्या दिवशी बाजार बंद होता. मी दुकानाच्या पायरीवर चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात ती पिकअप परत आली. या वेळी थोरल्याला सोडायला आलेला पोरगा त्याला माझ्यासमोर उतरवून निघून गेला. थोरला माझ्यासमोर उभा राहिला. मी कप ठेवून उठलो आणि दोन पावलं मागे सरकलो, काठीच्या टप्प्याबाहेर.

"माझी मुलं त्या दुसऱ्या उमेदवारासाठी मतदार ने-आण करतायत," तो म्हणाला. "मला त्यांच्या गाडीतून मतदानाला जायचं नाही. हा सगळा गोंधळ तू घातलास. तू मला ने."

मी अर्बाबची व्हॅन काढली. मागे फ्लेक्सचे रोल, पुढे खंजीर लावलेला थोरला. सगळ्या वाटेत तो काठी गुडघ्यांमधे धरून समोर बघत होता. मी मात्र घामाने चिंब, एसी चालू असून. मतदान केंद्र शाळेत होतं. फाटकाच्या बाहेर, सावलीत, आल्यागेल्यांना सलाम करत अर्बाब उभा होता. आपल्याच व्हॅनमधून आपला भाऊ उतरतोय हे बघून त्याचा हात हवेतच राहिला. थोरला त्याच्यासमोरून, त्याच्याकडे न बघता, सरळ आत गेला.

तो आत होता तेवढा वेळ आम्ही दोघं फाटकाशी उभे. आमच्या वॉर्डात अशा वेळी माणूस बाहेर आला की त्याच्या चालीवरून जुनी माणसं मत ओळखतात. मी म्हटलं, बघू या, इथंही चालतं का.

थोरला बाहेर आला. चालीवरून मला काहीएक कळलं नाही. तो आमच्यासमोर येऊन थांबला, काठी जमिनीत रोवली, आणि माझ्याकडे तोंड करून, पण सगळ्या फाटकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "याला सांग, तो लग्नातला फोटो वाईट होता. त्या दिवशी मला ताप होता आणि फेटा नातवाने बांधला होता. पुढच्या वेळी नवा लाव."

अर्बाब चार हातांवर उभा. त्याने अक्षर न अक्षर ऐकलं होतं. तरी तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "काय म्हणाले?"

मी सांगितलं.

"परत सांग," अर्बाब म्हणाला.

मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लावलं असतं तरी सांगितलं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं सगळ्यांनी बघितलं, आणि सगळ्यांनी भलतीकडे बघितलं. थोरला तोवर व्हॅनमध्ये जाऊन बसलाही होता आणि हॉर्न वाजवत होता.

निकाल लागला. अर्बाब पडला. तिसऱ्यांदा. थोरल्याने आत जाऊन कुणाला मत दिलं ते मला आजतागायत माहीत नाही, आणि अर्बाबने ते कधी विचारलं नाही. निकालाच्या दुसऱ्या सकाळी तो हलव्याची मोठी परात घेऊन दुकानात आला. केशर घातलेला, वर बदाम. बाजारातल्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने देत सुटला. निवडून आलेला माणूससुद्धा आला, त्याच्याही हातावर हलवा. चाचा मला म्हणाले, "याचं डोकं फिरलं काय रे? पडल्यावर हलवा?" मी म्हटलं, "चाचा, तो पडला कुठे?" चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग मी सांगितलेलं फाटकावरचं त्यांना आठवलं बहुतेक, कारण त्यांनी आणखी एक तुकडा उचलला.

दुपारी दार उघडलं. थोरला. नवा कोरा पांढरा डगला, फेटा नीट, घट्ट, एकेक घडी जागेवर. आला आणि फोटोच्या स्टुलावर जाऊन बसला.

मी म्हटलं, "बाबा, पुढची निवडणूक चार वर्षांनी आहे."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "आज फेटा चांगला बसलाय."

मी कॅमेरा घेतला. आमच्या फोटोच्या दिव्याचा स्टँड कधीचा मोडलेला, कुणीतरी दिवा हातात धरून उभं राहावं लागायचं. चाचा गिऱ्हाइकात होते. मग अर्बाब काउंटरमागून आला, दिवा उचलला, आणि भावाच्या बाजूला उभा राहिला. मी कॅमेऱ्याला डोळा लावला. थोरल्याची मान थोडी खाली होती.

"मान वर करा," अर्बाब म्हणाला.

मी सवयीने तोंड उघडलं. आता थोरला मला काहीतरी सांगेल आणि मी ते पुढे सांगेन, म्हणून तयारीत राहिलो.

"तू आधी दिवा सरळ धर," थोरला म्हणाला. "लहानपणापासून तुला काही सरळ धरता येत नाही."

"धरलाय की सरळ!"

"हा सरळ? हलतोय बघ."

मी कॅमेऱ्यातून डोळा काढला आणि म्हटलं, "अर्बाब, ते म्हणतायत की..."

दोघंही एकदम माझ्याकडे वळले आणि ओरडले, "तू गप्प बस! फोटो काढ!"

काढला. दिवा हलतच होता, म्हणून फोटोही थोडा हलला. दुसरा काढू का, असं मी विचारलं नाही.